खाण नाकारली म्हणून देशावरच दावा

खाणीला परवानगी दिली नाही म्हणून कंपनी एखाद्या देशावरच दावा ठोकू शकते का? हो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरवर तो ठोकला गेला.

काबान्यास भागात पॅसिफिक रिम या कॅनेडियन कंपनीला सोने काढायचे होते. खडकातून सोने वेगळे करायला सायनाइड लागते, त्यामुळे लोकांना पाण्याची धास्ती. परवाना मिळाला नाही, तेव्हा २००९ मध्ये कंपनी वॉशिंग्टनला, जागतिक बँकेच्या लवाद केंद्राकडे गेली. पुढे मागणी सुमारे २५ कोटी डॉलर भरपाईची झाली.

ही वाट सरकारेच उघडून देतात, गुंतवणूक यावी म्हणून. व्यापार कराराखालचा दावा लवादाने २०१२ मध्ये बाद केला. पण खटला चालू राहिला तो एल साल्वाडोरच्याच गुंतवणूक कायद्याच्या आधारे! म्हणून आपण करारांइतकेच आपले कायदेही वाचायला हवेत.

२०१६ मध्ये देश जिंकला. पाण्याच्या मुद्द्यावर मात्र नव्हे. मागितलेल्या सगळ्या जमिनीचा हक्क कंपनीकडे नव्हता, म्हणून. कंपनीला खर्चापोटी ८० लाख डॉलर द्यायला सांगितले. देशाचे १ कोटी २० लाखांहून अधिक गेले होते.

२०१७ मध्ये संसदेने धातूंच्या खाणींवर बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेनेच ती उठवली.