घरच्या वर्कशॉपसाठी बेंच ग्राइंडर

पनवेलमध्ये घराच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये पटाश्या, ड्रिल बिट आणि कोयता यांनाच धार लावायची असेल, तर 150 मिलिमीटर चाकाचा बेंच ग्राइंडर पुरतो. घरच्या सिंगल फेजवर तो मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेतो. तेवढ्याच फेऱ्यांत 200 मिलिमीटरच्या चाकाची कड एक तृतीयांशाने जास्त वेगाने धावते. पातळ पातं त्यावर चटकन तापून निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. म्हणून पातं दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवावं.

खरी निवड चाकाची. करडं साध्या लोखंडाला, पांढरं हत्यारांच्या पोलादाला, हिरवं कार्बाइडला. मशीनसोबत बहुतेकदा करडंच येतं. पटाश्यांसाठी पांढरं वेगळं घ्याच. ॲल्युमिनियम यांपैकी कोणत्याच चाकावर घासू नका, चाक बुजतं.

दुकानात मशीन चालू करून बंद करा. थरथर न होता ते निवांत थांबायला हवं. टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) जाड आणि घट्ट हवा, त्याच्या नि चाकाच्या मधली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नवं चाक बसवण्याआधी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे. ते वापरू नका.

पावसाळ्याच्या दमट हवेत अर्थिंग तपासून घ्या, आणि गॉगल घातल्याशिवाय स्विचला हात लावू नका.