आमच्या टिलरचे तेल कसे बदलतात?



आमच्या घरी भातशेतीचा टिलर आहे. त्याने आम्ही खाचरात चिखलणी करतो. पूर्वी आमच्याकडे बैलजोडी होती. आजा म्हणतो, "बैलाला कधी तेल घालावे लागले नाही." मी म्हटले, "पण आजा, बैलगाडीला वंगण लागायचे ना?" तेव्हा आजा हसला. तो म्हणाला, "लागायचे तर! बांबूच्या नळ्यात भरून गाडीलाच टांगलेले असायचे. चाक कुईकुई करायला लागले की आसाला वंगण लावायचे."

टिलरचेही तसेच आहे. इंजिन फिरते ती ताकद दातेरी चाकांमधून टिलरच्या चाकांपर्यंत जाते. ही दातेरी चाके एका बंद लोखंडी पेटीत असतात. तिला गिअरबॉक्स म्हणतात. त्यात तेल भरलेले असते. दाते एकमेकांवर घासतात, पण मध्ये तेलाचा पातळ थर असतो. म्हणून ते झिजत नाहीत व फार तापत नाहीत. पेटी बंद असल्यामुळे आतली कुईकुई लवकर ऐकू येत नाही. ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षी आमचे तसेच झाले. निम्मी आवणी झाली आणि टिलर घर्रघर्र करून खाचरातच बंद पडला. चाकाजवळचे रबराचे सील झिजले होते. तिथून चिखलाचे पाणी आत गेले होते. दोन वर्षे आम्ही तेल उघडून बघितलेच नव्हते. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे. आमचे रोप चाळीस दिवसांचे झाले. त्या खाचरात फुटवे कमी आले आणि भातही कमी झाले. आमची कणगी मार्च महिन्यातच तळाला लागली. आई काही बोलली नाही, पण मला कळले.

म्हणून यंदा महालक्ष्मीची जत्रा उरकल्यावर मे महिन्यात बाबांनी तेल बदलायचे ठरवले. चारोटीहून मेकॅनिक काका आले. मी जवळ बसून सगळे पाहिले. ते आता सांगतो.

साहित्य : पाना, घमेले, नरसाळे, स्वच्छ फडके, थोडे डिझेल, नवीन वायसर, गिअरचे नवीन तेल. आमच्या टिलरला ९० नंबरचे तेल लागते. कोणते तेल आणि किती, हे यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. दुसरे कुठलेही तेल ओतू नये.

कृती :

१) आधी टिलर बांधापर्यंत चालवून आणला. तेल कोमट झाले की पातळ होते आणि आतली घाण घेऊन बाहेर येते. थंड तेल काकवीसारखे हळू येते व घाण तळाशीच राहते. मग टिलर सपाट जागी उभा करून इंजिन बंद केले आणि चाकांना दगडांची उटी लावली. तेल फार गरम असेल तर थोडे थांबावे, नाहीतर हात भाजतो.

२) वरचे बूच उघडायच्या आधी त्याच्या भोवतालची माती पुसली. नाहीतर तीच माती आत पडते.

३) वरचे बूच आधी उघडले. मी विचारले, "काका, तेल तर खालून काढायचे, मग वरचे कशाला?" ते म्हणाले, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल कसे येते?" मी म्हटले, "गुळूगुळू." "आणि दोन भोके पाडली तर?" "सरळ धार." वरून हवा आत गेली की खालून तेल नीट येते.

४) खाली घमेले ठेवून खालचे बूच पान्याने सोडवले. सगळे तेल निथळायला अर्धा तास दिला.

५) आता महत्त्वाची गोष्ट. जुने तेल नीट बघायचे. ते टाकाऊ असले तरी आतली बातमी तेच सांगते. तेल तपकिरी व आरपार असेल तर ठीक. काळे व जळका वास येत असेल तर ते फार तापले आहे. उन्हात चकाकणारा चुरा दिसला तर दाते झिजत आहेत. लोखंडाचा तुकडा आला तर पेटी उघडावीच लागते. आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

आमचे तेल चहासारखेच निघाले! बाबांचा चेहरा उतरला. काकांनी थोडे तेल काचेच्या बाटलीत भरून ठेवायला सांगितले. सकाळी पाहतो तर तळाशी पाणी बसलेले. गेल्या वर्षी एका बाजूचे सील बदलले होते, आता दुसऱ्या बाजूचे झिजले होते. काकांनी ते बदलले. एका दिवसात काम झाले. पाऊस अजून महिनाभर लांब होता.

६) खालचे बूच मी मातीत ठेवले होते. काका रागावले नाहीत, पण मला ते डिझेलने धुवायला लावले. नवीन वायसर घालून बूच आधी हातानेच फिरवायचे, म्हणजे आटे बरोबर बसतात. मग पान्याने आवळायचे. फार जोर केला तर आटे जातात.

७) नरसाळ्याने नवीन तेल हळूहळू ओतले. मोजपट्टीच्या खुणेपर्यंत आले की थांबायचे. मग टिलर थोडा चालवला, बंद केला, थोड्या वेळाने पातळी पुन्हा बघितली. खाली ठिपका पडतो का तेही बघितले.

काकांनी आणखी एक गंमत सांगितली. मोठ्या मैदानांवर गवत कापायचे, वर बसून चालवायचे यंत्र असते. त्यातल्या काही यंत्रांत चालवणारा गिअर बदलतच नाही. इंजिन पंप फिरवते, पंप तेल दाबाने पुढे ढकलतो आणि त्या तेलानेच चाके फिरतात. म्हणजे तिथे तेल हे वंगणही आहे आणि बैलही आहे! तेल बदलल्यावर ते यंत्र हळूहळू पुढे-मागे चालवून आतली हवा काढावी लागते. पण जुने तेल बघायचा नियम तिथेही हाच.

आता जुन्या तेलाचे काय करायचे? काही जण ते ओहोळात ओततात. मी एक प्रयोग केला. थाळीत पाणी घेऊन त्यात काडीने एकच थेंब सोडला. थेंब थाळीभर पसरला आणि रंगीत झाला. गुरुजी म्हणाले, आपला डहाणू तालुका १९९१ साली सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आहे. ओहोळात मासे असतात, गुरे पाणी पितात. म्हणून आम्ही जुने तेल डब्यात भरून काकांकडे दिले. गॅरेजात ते साठवतात आणि पुन्हा शुद्ध करणाऱ्यांना देतात.

हे काम मोठ्या माणसांनीच करायचे. आपण फडके द्यायचे, बूच सांभाळायचे आणि नीट बघायचे.

यंदा आमची आवणी वेळेवर झाली. आजा बांधावर बसून बघत होता. संध्याकाळी त्याने टिलरवरचा चिखल स्वतःच्या हाताने धुतला, बैल धुवायचा तसा. पालकांनो, तुमच्या घरी टिलर किंवा ट्रॅक्टर असेल तर पावसाच्या आधी त्याचे तेल एकदा उघडून बघा.

— इयत्ता ४ थी, विवळवेढे