बातमीदारासमोर बसण्यापूर्वी

इंदिरानगरच्या घरी बसून एखाद्या तरुणाने संगणकावरचा खेळ बनवला, तर जाहिरातीला पैसा कुठून आणणार? वर्तमानपत्रातली मुलाखत हीच त्याची जाहिरात. पण तिथे बोलायचेही एक तंत्र आहे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीचे उदाहरण घ्या. ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये तिने ‘किकस्टार्टर’वर लोकांकडे पैसे मागितले. तिथला नियम असा की ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही, तर एक पैसाही हाती येत नाही. रक्कम जमली नाही. तरी २०२० मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. असे जगजाहीर अपयश बातमीदार विचारणारच. ते लपवू नये, सरळ सांगावे.

बाकीची तयारी अशी. खेळ कशाबद्दल आहे, ते दोन वाक्यांत सांगता यावे. छापण्याजोगी चित्रे जवळ असावीत. काम पुरे होण्याआधी विक्रीची तारीख देऊ नये. आपला वायदा चुकला तर एक गिऱ्हाईक नाराज होते, छापलेला चुकला तर हजार. ‘हे छापू नका’ ही अट बोलण्याआधी कबूल करून घ्यावी. चित्रे, संगीत दुसऱ्याचे असेल तर त्याचे नाव आपणहून सांगावे. आकडा ठाऊक नसेल तर ‘उद्या कळवतो’ म्हणावे आणि खरोखर कळवावे.

कापलेले कापड पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. छापलेल्या शब्दाचेही तसेच आहे.