पोटदुखी : डॉक्टरांची भेट होईपर्यंत

पोटात दुखू लागले की घरात प्रथम ओवा आणि हिंग यांची आठवण होते. पुष्कळदा दुखणे काही तासांत आपोआप थांबते आणि श्रेय मात्र ओव्याला मिळते. अपचन, वायू किंवा मलावरोध यांमुळे उद्भवणाऱ्या पोटदुखीत यातून काही बिघडत नाही. परंतु आरंभी साध्या वाटणाऱ्या दुखण्यामागे एखादे गंभीर कारण दडलेले असेल, तर घरगुती उपायांत गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच दुखण्याचे कारण कळले नसताना आणि डॉक्टरांची भेट व्हावयाची असताना काय करावे व काय टाळावे, याची माहिती प्रत्येक गावात असणे अगत्याचे आहे.

दुखण्याची जागा फसवी

पोटातील इंद्रियांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना दुखण्याची नेमकी जागा सांगता येत नाही. आंत्रपुच्छाला म्हणजे अपेंडिक्सला सूज आली की कळ प्रथम बेंबीभोवती जाणवते. सूज पोटाच्या आतील आवरणापर्यंत पोहोचली म्हणजे काही तासांनी ती उजव्या बाजूला, खाली स्थिर होते. भूक नाहीशी होते, मळमळते, बारीक ताप येतो. मूतखड्याची कळ पाठीकडून जांघेकडे उतरते, तर हृदयविकाराचा झटका कधी कधी केवळ पोटाच्या वरच्या भागातील जळजळ म्हणून प्रकट होतो. सारांश, ‘पित्त झाले असेल’ हे घरातील निदान नेहमीच खरे ठरत नाही.

हे टाळावे

तीव्र पोटदुखीत ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून एरंडेल किंवा इतर रेचक देण्याची रीत अद्यापि आढळते. सुजलेले आंत्रपुच्छ अशाने फुटण्याचा धोका असतो. बेंबी सरकली असे समजून पोट जोराने चोळणे किंवा मुलांच्या पोटावर चटके देणे हे तर सर्वथा अपायकारक होय. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातील व्रण चिघळून रक्तस्राव होऊ शकतो. दुकानातून आणून त्या परस्पर घेऊ नयेत. दुखणे तीव्र असेल तर रुग्णास खावयास देऊ नये, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

ही लक्षणे दिसताच थांबू नये

पोट फळीसारखे कडक होणे, वाढत जाणारी सततची कळ, वारंवार किंवा हिरवट उलटी, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा अथवा रक्तमिश्रित शौच, पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद होणे, घेरी, कावीळ, तापासह थंडी, छातीत दडपण आणि घाम यांपैकी काहीही आढळल्यास भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखून तिला चक्कर आल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता असते. मुलगा ओटीपोट दुखते असे सांगतो, पण वृषणाला पीळ पडल्याचे संकोचाने सांगत नाही. अशा वेळी पहिले सहा तास मोलाचे असतात. तीव्र कळ एकाएकी थांबली, तरी रुग्णाला तपासून घ्यावे. राज्यात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

प्रतीक्षेचे दिवस

वरील लक्षणे नसतील आणि तपासणीसाठी काही दिवस थांबावे लागणार असेल, तर थोडे थोडे व वेळेवर खावे. मऊ भात, मुगाचे वरण, ताक यांपैकी जे सोसेल ते घ्यावे. तिखट, तळलेले पदार्थ, वारंवार चहा, तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. जुलाब होत असल्यास जलसंजीवनीचे पाकीट त्यावरील सूचनेप्रमाणे पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावे.

या काळातील सर्वांत उपयुक्त काम म्हणजे नोंद ठेवणे. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे, किती वेळ टिकले, जेवणाशी व शौचाशी त्याचा संबंध काय, वजन घटले का, कोणती औषधे घेतली, हे वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी. निदान पुष्कळ सुकर होते.

कधी कधी सर्व तपासण्या निर्दोष येऊनही दुखणे राहते. रुग्ण ढोंग करतो असा त्याचा अर्थ नव्हे. आतडे आणि मेंदू यांचा निकटचा संबंध असल्याने चिंता व अपुरी झोप यांनी वेदना वाढते. वेदना मात्र खरीच असते. परीक्षेच्या दिवसांत वारंवार पोट दुखणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी रागावण्याऐवजी पालकांना बोलावून त्याची तपासणी करवावी.

गावाची जबाबदारी

रात्री-अपरात्री निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो, पण त्याची तयारी गाव आधी करू शकते. धोक्याची लक्षणे, १०८ हा क्रमांक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक लिहावा. आशा स्वयंसेविकेचे घर सर्वांना ठाऊक असावे. रुग्णवाहिका पोहोचू न शकणाऱ्या वस्तीसाठी कोणाचे वाहन मिळेल, हे ग्रामसभेत अगोदर ठरवावे. पोटदुखीचे कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम होय. रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचेल हे पाहणे मात्र गावाच्या हाती आहे.