सुईला न दिसणारी मांडणी

आमच्या म्हाताऱ्या मोतीच्या यकृतात गाठ दिसली. पेशी-तपासणीचा अहवाल आला: ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ आम्ही पेढे आणले. मी पशुवैद्य नाही. त्या वाक्याचा नेमका अर्थ मी पुष्कळ उशिरा शोधू लागलो.

आधी रक्त गोठण्याची तपासणी होते. मग सोनोग्राफीत पाहत बारीक सुई गाठीत घालतात आणि निघालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून रंगवतात. लिम्फोमा बहुधा असा ओळखता येतो, कारण तिथे यकृताबाहेरच्या गोल पेशींची गर्दी दिसते. अडचण येते ती यकृताच्या स्वतःच्याच पेशींपासून झालेल्या कर्करोगाची. त्या पेशी अनेकदा निरोगी पेशींसारख्याच दिसतात. शिवाय उतारवयात कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठीही होतात. खरा फरक पेशींच्या मांडणीत असतो, आणि सुई ती मांडणीच मोडते. पोथीतली चार सुटी अक्षरं पाहून ओवी कळत नाही, तसंच हे. मांडणी पाहायची तर तुकडा काढून बायॉप्सी करावी लागते.

हे कळणं का महत्त्वाचं? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतात अशी मोठी गाठ असलेली ४८ कुत्री होती. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी निम्मी सुमारे २७० दिवसांत गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत हाच काळ १४६० दिवसांपलीकडे गेला.

मोतीची बायॉप्सी आम्ही केली नाही. अहवाल खोटा नव्हता. ‘आढळल्या नाहीत’ हे आम्ही ‘नाहीत’ असं वाचलं.