निम्म्या किमतीत मिळणारी रिफर्बिश्ड लेन्स घ्यावी का? पैसे देण्याआधी एवढं बघा

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात दोन माणसांचे फोन वाजायला लागतात. एक केटरर आणि दुसरा फोटोग्राफर. अशात एखाद्या पोरानं नवीनच कॅमेरा घेतलेला असतो, सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स असते आणि पहिल्याच हळदीला त्याला कळतं की मांडवातल्या कमी उजेडात ही लेन्स मार खातेय. मग रात्री तो मोबाईलवर ७०-२०० एफ २.८ ची किंमत बघतो आणि गपचूप फोन बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी फीडमध्ये जाहिरात हजर. "रिफर्बिश्ड, कंडिशन लाईक न्यू, किंमत जवळपास निम्मी."

घ्यावी का?

घ्यावी. पण जाहिरातीतला "रिफर्बिश्ड" हा शब्द वाचून नाही. कारण हा एकच शब्द तीन वेगळ्या मालांना चिकटवला जातो.

पहिला माल कंपनीचा. गिऱ्हाइकानं बॉक्स उघडून परत केलेली लेन्स, प्रदर्शनात मांडलेला डेमो पीस, नाहीतर सुरुवातीलाच दोष निघाला म्हणून परत आलेली लेन्स. ही "नवी" म्हणून पुन्हा विकता येत नाही. मग कंपनीचे तंत्रज्ञ ती तपासतात, लागेल तो पार्ट बदलतात आणि कंपनी स्वतःच्या वॉरंटीसह कमी किमतीत विकते. अमेरिकेत कॅनन आणि निकॉन स्वतःच्या वेबसाईटवरून असा माल विकतात. अशी लेन्स मिळत असेल तर फार विचार करू नये, ती नवीच्या अगदी जवळची असते. फक्त एक लक्षात ठेवा. अमेरिकेतला दादा येताना अशी लेन्स घेऊन आला, तर तिथल्या वॉरंटीवर इथलं सर्व्हिस सेंटर फुकट काम करून देईल असं धरून चालू नका. मागवण्याआधी वॉरंटी कोणत्या देशापुरती आहे ते वाचा.

दुसरा माल मोठ्या डीलरचा. तो वापरलेल्या लेन्स विकत घेतो, तपासतो, साफ करतो, ग्रेड लावतो आणि स्वतःची वॉरंटी देतो. अमेरिकेतलं केईएच, ब्रिटनमधलं एमपीबी ही या धंद्यातली जुनी नावं. गंमत म्हणजे हे लोक सरळ "युज्ड" असं लिहून विकतात, शब्द सजवत बसत नाहीत.

तिसरा माल म्हणजे कुणीतरी वापरलेली लेन्स मायक्रोफायबरनं पुसली, नव्या झाकणासह फोटो काढला आणि वर लिहिलं "रिफर्बिश्ड".

आपल्या फीडमध्ये दिसणारं बरंच काही दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातलं असतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. रिफर्बिश कुणी केली, नेमकं काय बदललं, वॉरंटी किती दिवसांची आणि ती बिलावर लिहून मिळेल का, हे विचारा. उत्तर "भाऊ, टेन्शनच घेऊ नका" असं आलं की टेन्शन घ्यायची वेळ झाली म्हणून समजा.

लेन्सला किलोमीटरचा काटा नसतो

सेकंडहँड बाईक घेताना आपण आधी काटा बघतो. कॅमेऱ्याच्या बॉडीलाही तसा काटा असतो, शटर काउंट. निकॉन डी८५० चं शटर २ लाख क्लिकच्या चाचणीतून गेलंय असं कंपनी सांगते. म्हणजे ५० हजार क्लिक झालेली बॉडी समोर आली की अंदाज बांधता येतो.

लेन्सचं तसं नाही. ती किती वापरली हे कुठेच नोंदलेलं नसतं. शिवाय बऱ्याचदा उलटाच प्रकार असतो. रोज लग्नं मारणाऱ्या फोटोग्राफरची, बाहेरून रंग उडालेली लेन्स आतून ठणठणीत निघते आणि "डॉक्टरसाहेबांची, दोनदाच वापरलेली, कपाटातच होती" अशी लेन्स आतून खराब. कपाटातच होती, हाच तर प्रॉब्लेम.

हे मी अनुभवातून सांगतोय. पाचेक वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानातून ८५ एमएमची लेन्स घेतली. बाहेरून एक ओरखडा नाही, लेदरच्या केसमध्ये, अगदी देखणी. घरी येऊन चार फोटो काढले, खूश झालो. महिन्याभरानं संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून फोटो काढला तर सगळ्या फ्रेमवर धुकं. लेन्स टॉर्चसमोर धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे लागली असेल. महिन्याभरात एवढं जाळं होत नाही हे मला माहीत होतं, पण बिलावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

ते धागे म्हणजे फंगस, साधी बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, नव्या लेन्सवरही. त्यांना वाढायला दमट हवा, अंधार आणि कोंडलेली जागा लागते. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की काम सुरू. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैत ८० टक्क्यांच्या वरची हवा दिवसचे दिवस असते, त्यात लेन्स लेदर केसमध्ये. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणजे बुरशीची सोयच झाली. ती काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर जगते आणि वाढताना आम्ल सोडते. ते आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. म्हणून फंगस साफ करता आली तरी कोटिंगवरचे डाग कधीकधी कायमचे राहतात. समोरून उजेड आला की फोटो फिका पडतो तो यामुळे.

तर दुकानात जाताना खिशात छोटी टॉर्च हवीच, नसेल तर मोबाईलची. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूनं थोडा तिरका उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं बघा. मग उलट करून पुन्हा. धागे किंवा जाळं दिसलं तर फंगस. दुधासारखा सारखा पसरलेला थर दिसला तर हेझ. दोन्हीत लेन्स ठेवून घरी या. मात्र धुळीचे चार कण दिसले म्हणून घाबरू नका, ते नव्या लेन्समध्येही शिरतात आणि फोटोत येत नाहीत. समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडाही सहसा काही बिघडवत नाही. मागच्या, म्हणजे कॅमेऱ्याकडच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो. गंमत अशी की समोरच्या ओरखड्यामुळे किंमत खूप पडते, म्हणजे तिथे घासाघीस करायला तुम्हाला वाव आहे.

"फंगस होती, पण क्लीन केलीय" असं प्रामाणिकपणे सांगणारेही भेटतात. अशा वेळी स्क्रूंची डोकी बघा. ती चेमटलेली असतील तर उघडणारा हात कच्चा होता. लेन्स उघडून परत जोडताना एखादी काच केसभर जरी सरकली तरी फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ येते. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्या बरोबर समोर ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं झूम करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असतातच, पण चारही सारखेच मऊ हवेत.

बाकी अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको, झूमची रिंग अडकायला नको, ऑटोफोकस जवळून लांब आणि लांबून जवळ करताना चाचपडायला नको. हे सगळं तुमच्याच बॉडीवर लावून बघायचं, दुकानदाराच्या नाही.

स्वस्त का झाली, हेही विचारा

२०१८ मध्ये निकॉननं झेड माउंट आणलं आणि कॅननने आरएफ. तेव्हापासून फोटोग्राफर मिररलेसकडे वळतायत आणि डीएसएलआरच्या चांगल्या चांगल्या लेन्स बाजारात येतायत. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात गेलात तर काउंटरवर हेच चित्र दिसेल. काच तीच, दर्जा तोच, फक्त माउंट जुना. जुनी बॉडी वापरणाऱ्याला याहून चांगला काळ नाही.

पण इथे एक सापळा आहे. कॅननच्या ईएफ लेन्स, म्हणजे १९८७ पासूनच्या, अॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनमध्ये तसं सरसकट नाही. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती नाही, निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्येही नाही. म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून ५० एमएम एफ १.८ डी घेतली आणि घरी डी५३०० असेल, तर वरमाला पडताना तुम्ही हातानं रिंग फिरवत बसणार.

मग नवी कधी घ्यायची?

एक कारण फोटोग्राफर विसरतात, ते म्हणजे जीएसटी. तुमची नोंदणी असेल आणि लेन्स धंद्यासाठी असेल, तर नव्या लेन्सच्या बिलावरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो. १ लाख १८ हजारांची लेन्स तुम्हाला प्रत्यक्षात १ लाखाला पडली. तीच लेन्स कुणा व्यक्तीकडून ९० हजारांना घेतली तर क्रेडिट शून्य. जुन्या मालाचा डीलर फक्त आपल्या नफ्यावर कर भरत असेल तरीही तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. म्हणजे २८ हजारांची दिसणारी बचत खरी १० हजारांची. तेवढ्यासाठी वॉरंटी सोडायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी सोडणार नाही.

नोंदणी नसेल तर माझा हिशोब सोपा आहे. फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर नवी, ३५-४० टक्क्यांच्या पुढे असेल आणि टॉर्चची परीक्षा पास झाली तर जुनी. मधल्या पट्ट्यात लेन्स कोणती ते बघतो. साधी प्राइम असेल तर जुनी चालते. आत स्टॅबिलायझर आणि मोटर असलेली महागडी झूम असेल तर दुरुस्तीचा एकच खर्च सगळी बचत गिळू शकतो, तिथे किमान सहा महिन्यांची वॉरंटी नसेल तर नको.

आणि बिल घ्याच, सीरियल नंबर आणि "फंगस नाही" हे दोन्ही लिहून. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं सांगून काही जण गप्प बसवतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू "व्यावसायिक हेतू"त मोडत नाही. एकट्यानं लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या फोटोग्राफरला हा मुद्दा मांडता येतो, पण हातात बिल हवं.

लेन्स घरी आली की लेदर केस माळ्यावर टाका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता मीटर, एवढ्यात भागतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाचा भुसा झूमच्या फटीत जातो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती बाहेर काढून कॅमेऱ्यावर लावा, ऑर्डर नसली तरी.