खिडक्यांचे पथ्यपाणी

रत्नागिरीत वाडवडिलांचे घर असणे भाग्याचे खरे. पण त्या घराला लाकडी खिडक्या असणे म्हणजे घरात एक पिकले पान सांभाळण्यासारखे आहे. श्रावणात लावलेले दार उघडत नाही आणि वैशाखात उघडलेले नीट लागत नाही! यात सुताराचा दोष नसतो. लाकूड हवेतला ओलावा पिऊन रेषांच्या आडव्या अंगाने फुगते, वाळले की आक्रसते. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. शिवाय समुद्राचा खारा वारा. बिचारे लाकूड करणार काय?

खिडक्यांचा थाट पाहायचा तर थिबा राजवाड्यात जावे. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, आणि युद्धाचे निमित्त होते चक्क सागवान! जंगलतोडीबद्दल त्याच्या दरबाराने एका इंग्रज कंपनीला जबर दंड केला होता. बंदिवासातल्या राजासाठी हा वाडा १९१० साली उभा राहिला आणि १९१६ साली राजा रत्नागिरीतच वारला. वाड्याच्या अर्धगोल, कोरीव लाकडी खिडक्या पाहायला आजही लोक येतात. पण राजाच्या खिडक्यांना सरकार आहे. आमच्या खिडक्यांना आम्हीच.

गेल्या मे महिन्यात मुंबईचे धाकटे बंधू आले आणि त्यांनी फर्मान काढले, "दादा, काढून टाकू ही लाकडं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवू." त्यांचेही चुकत नव्हते. पावसाळ्यात घर बंद असते, आणि मी आता सत्तरीचा. पण आजोबांनी जुळवलेले सागवान भंगारात घालण्यापूर्वी निदान नाडी तरी पाहावी, म्हणून सुताराला बोलावले. त्याने सोळाही दारांना खालच्या बाजूस पटाशीचे टोक टोचून पाहिले. अकरा दारे ठणठणीत! पाचांत पटाशी लोण्यात जावी तशी गेली.

ही कूज नेमकी खालीच का? पाणी ओघळून तिथेच थांबते, आणि लाकूड पृष्ठभागापेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी अधिक पाणी शोषते. रंगारी समोरची बाजू चकाचक करतात. दाराच्या खालच्या कडेला, जी कोणाला दिसत नाही, तिला कुंचला लागतच नाही. आमच्याकडे आलेल्या एका रंगाऱ्याने तर ओल्या लाकडावरच तेलरंग चढवला होता. ओल आत कोंडली आणि दुसऱ्या वर्षी रंगाचे पापुद्रे निघाले.

म्हणून दिवाळीच्या अंकात हे लिहिणे बरे दिसत नसले तरी सांगतो: कोकणात खिडक्यांना दिवाळीपूर्वी रंग देऊ नका. भिंतींची हौस खुशाल भागवा! लाकडाला मार्गशीर्ष-पौषातला कोरडा वारा मिळू द्या. मग जुना पोपडा खरवडा, पॉलिशपेपर मारा आणि बेलतेलाचे पातळ हात द्या. एक हात पुरता वाळल्यावरच दुसरा. दार बिजागरीतून उतरवून खालची कड आधी. जुनी माणसे उंडीचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावीत. काजूचे तेल वाळवीला दूर ठेवते खरे, पण हाताची कातडी भाजून काढते. ते काम जाणत्याकडेच द्यावे. आणि बेलतेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात.

लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजून भोवतालचे लाकूडही खातात. तिथे पितळच हवे. थोडे महाग पडते, पण एकदाच.

आमच्या पाच दारांपैकी तिघांच्या खालच्या पट्ट्या बदलून भागले. पश्चिमेची दोन मात्र गेली. तिथे ॲल्युमिनियम बसवायला मी रुकार दिला आहे आणि बाकीची चौदा बंधूंनी माझ्या हवाली केली आहेत. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पटाशी लावून पाहायची, असे ठरले आहे.